आजीच्या ओव्यांचं आर्टिस्ट बुक: किती प्रती, कुठे छापायचं, कसं विकायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या एका ताईंनी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेऊन ४० लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेली चित्रं) केलेत, त्यांना त्याचं आर्टिस्ट बुक, म्हणजे स्वतःच कलाकृती असलेलं पुस्तक करायचंय. दोन प्रकाशक नाही म्हणाले, ऑफसेटवाला म्हणतो ५०० च्या खाली परवडत नाही, आणि घरचे विचारतायत की विकणार कोणाला. मी पुण्यात गेली सतरा-अठरा वर्षं हेच काम करते, स्वतःची पुस्तकं आणि दुसऱ्या चित्रकारांचीही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

ताई, आधी एक सांगते, ५०० काढू नका. ऑफसेटवाला खोटं बोलत नाहीये, त्याचा प्लेटचा आणि मशीन सेट करायचा खर्च ५० प्रतींना तेवढाच आणि ५०० ना तेवढाच, म्हणून प्रत जास्त काढली की दर खाली येतो आणि आपल्याला वाटतं अरे वा स्वस्तात पडलं. माझ्या दुसऱ्या पुस्तकाला मी हेच केलं. ५०० काढली, तीन वर्षांत १६० गेली, उरलेली माळ्यावर. तिसऱ्या पावसाळ्यानंतर गठ्ठे उघडले तर खालच्या थरात कसर लागलेली आणि पुठ्ठे पापडासारखे वाकलेले, त्यातली शंभरेक रद्दीत घालावी लागली. तो दिवस मी विसरलेले नाही, कारण त्यातलं प्रत्येक चित्र मी रात्री जागून काढलं होतं.

तेव्हापासून माझा नियम असा की प्रतींचा आकडा प्रेसच्या दरावरून काढायचा नाही, माणसांवरून काढायचा. एक वही घ्या आणि ज्यांच्या हातात तुम्ही स्वतः हे पुस्तक देऊ शकाल अशा माणसांची नावं लिहा. फॉलोअर्स नाही हं, नावं. शिकवलेले सर, बरोबरचे चित्रकार, ओव्यांवर काम करणारे अभ्यासक, आजीच्या गावचे शिकून बाहेर पडलेले लोक, पुस्तकं जमवणारे दोन डॉक्टर, जे कोण असतील ते. त्यातले निम्मे घेतील असं धरा. शंभर नावं झाली तर ५०-६० प्रती, चाळीसच झाली तर २५ प्रती काढा आणि त्यात कमीपणा मानू नका. आर्टिस्ट बुक हे दुकानात कपाटात उभं राहून विकलं जात नाही, कण्यावरचं नाव वाचून कोणी ते उचलत नाही, ते कोणीतरी हातात दिलं, उघडलं, पान उलटलं की मगच विकलं जातं. छपाईपासून किमतीपर्यंतचे माझे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून होतात.

आता तुम्ही विचारलंय की आर्टिस्ट बुक म्हणजे नक्की काय, चित्रांचं पुस्तक आणि हे यात फरक काय. माझ्या मते फरक एवढाच की इथे पुस्तक हीच कलाकृती, आधी भिंतीवर लागलेल्या चित्रांचा तो अल्बम नाही. यात दोन वाटा आहेत. एक महागड्या, मोजक्या, हातछपाईच्या पुस्तकांची, पॅरिसच्या आर्ट डीलर लोकांनी १९०० च्या आसपास चालू केलेली. दुसरी एड रुशे या अमेरिकन चित्रकाराची, त्याने १९६३ मध्ये पेट्रोल पंपांच्या २६ साध्या फोटोंचं एक पातळसं पुस्तक काढलं, ४०० प्रती, किंमत अगदी कमी. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी ग्रंथालयाने ते घ्यायला नकार दिला तर त्याने त्या नकाराचीच जाहिरात मासिकात छापली! पुढे १९६७ आणि १९६९ ला पुन्हा आवृत्त्या काढल्या. न्यूयॉर्कला प्रिंटेड मॅटर हे दुकान १९७६ मध्ये उभं राहिलं ते या दुसऱ्या वाटेच्या पुस्तकांसाठी.

पण मला विचाराल तर आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. कुडाळजवळ पिंगुळीला चित्रकथींच्या पोथ्या बघून या. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेली, एका कथेची एक पोथी, आणि गात गात एकेक चित्र लोकांपुढे धरायचं. पान, क्रम, आवाज, हात, सगळं त्यात आहे. ओव्यांचं काम करताय म्हणून मुद्दाम सांगते, तुमच्या पुस्तकाला पश्चिमेपेक्षा ही पोथी जास्त शिकवेल. आणि प्रकाशक नाही म्हणाले याचं वाईट वाटून घेऊ नका, आपल्याकडे 'शब्द' या लघुअनियतकालिकवाल्यांनी पन्नाशीच्या दशकात सायक्लोस्टाइलवर अंक काढले, अशोक शहाण्यांनी १९६३ ला 'असो' हे तसंच अनियतकालिक काढलं, पुढे प्रास प्रकाशन चालवलं. कोणी छापेल म्हणून ते थांबले नाहीत.

आता कामाचं. पहिले तीन महिने छापायचं नावच काढू नका, डमी करा. साध्या झेरॉक्सच्या कागदावर, खऱ्या मापात, हाताने शिवून. चार-पाच तरी व्हायला हव्यात. तुमच्या पुस्तकाबद्दल मला एक सुचतंय. जातं गोल फिरतं, ओवी फेऱ्याबरोबर पुढे जाते, आणि तुम्ही ती सरळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जाणाऱ्या पुस्तकात घालताय. पंख्यासारख्या घडीचं पुस्तक करून शेवटचं पान पहिल्याला जोडून बघा ना, म्हणजे ते उभं केलं की चक्राकार उभं राहतं, सुरुवात कुठूनही करता येते. कदाचित जमणार नाही, ४० चित्रांना फार मोठं होईल, मग चित्रं कमी करावी लागतील. खरं सांगायचं तर ४० मधली १० तशीही काढावी लागतीलच, प्रत्येक पुस्तकात लागतात, आणि डमी हातात धरल्यावर कुठली काढायची ते आपोआप कळतं.

घडीच्या पुस्तकात सगळा खेळ कागदाच्या ग्रेनचा. मशीनच्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात, त्या दिशेला समांतर घडी घातली तर ती सुरीसारखी बसते आणि आडवी घातली तर कागद फाटल्यासारखा तडकतो, वर शाई असेल तर घडीवर पांढरी रेघ दिसते. नारायण पेठेतल्या एका बाइंडर काकांनी मला हे शिकवलं. कागदाचा तुकडा घ्यायचे, एका बाजूने ओल्या बोटाने पुसायचे आणि हातावर ठेवायचे. कागद हळूहळू नळीसारखा वळायचा, ती नळी ज्या दिशेला लांब तो ग्रेन. तोंडाने काही बोलायचे नाहीत, फक्त बघ म्हणून माझ्याकडे सरकवायचे. अजून मी दर वेळी नव्या रीमवर हेच करते, लेबलवर विश्वास ठेवत नाही. हातकागदाला ग्रेन जवळपास नसतोच कारण तंतू सगळीकडे पसरलेले असतात, म्हणून तो कुठूनही घडी घेतो, पण जाड असेल तर आधी बोथट सळईने रेघ ओढून घ्या. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, सुती चिंध्यांचा कागद मिळतो, स्वतः जाऊन हाताने चाचपून घ्या. फोनवर ऑर्डर देऊ नका, दोन लॉटचा पांढरा रंग एकसारखा नसतो, एका आवृत्तीला लागणारा सगळा कागद एकदाच उचला.

छपाई. तुमच्याकडे लिनो आहेतच तर डिजिटल प्रिंट काढू नका, मला मनापासून वाटतं की मग कोरण्याला अर्थ राहत नाही. पण ३० ब्लॉक गुणिले ६० प्रती म्हणजे १,८०० छाप, चमच्याने घासून काढायचे तर मनगट जाईल. कोल्हापुरात बिलबुकं छापणाऱ्या एखाद्या जुन्या प्रेसमध्ये ट्रेडल मशीन, म्हणजे खिळे जुळवून छापायचं जुनं छोटं मशीन, नक्की सापडेल, आता त्यावर फक्त नंबरिंग, परफोरेशन, डाय पंचिंग करतात. लिनो लाकडावर चिकटवून एकूण उंची छपाईच्या खिळ्याएवढी (शिशाच्या अक्षराएवढी), म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर करा, ती ट्रेडलवर मस्त छापली जाते. चालवणारे मामा पहिल्यांदा नको म्हणतील, त्यांचा वेळ मोडतो. तुम्ही सकाळी लवकर जा, शाई तुमची न्या, कागद लावायला स्वतः उभ्या राहा आणि पैसे दिवसाच्या हिशोबाने ठरवा, छापाच्या नाही. एकदा चांगला दाब बसला की त्यांनाच मजा येते, हे मी तीन वेगवेगळ्या प्रेसमध्ये पाहिलंय. आणि त्याच मशीनच्या नंबरिंगने पुस्तकांना अनुक्रमांकही टाकून घ्या, तो थोडासा कागदात रुतलेला बिलबुकाचा आकडा फार देखणा दिसतो.

ओव्यांचा मजकूर मात्र स्क्रीन प्रिंटने करा, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवून. लग्नपत्रिका छापणारे लोक याच्यात इतके तयार असतात की बारीक अक्षरही शाईने भरून जात नाही. चेन्नईच्या तारा बुक्सचं काम बघा, १९९४ पासूनचं प्रकाशन, काळ्या हातकागदावर गोंड चित्रकारांची झाडं स्क्रीनने हाताने छापली आणि ते पुस्तक जगभर गेलं, आणि तंत्र आपल्या पत्रिकावाल्याचंच. रिसोबद्दल, म्हणजे झेरॉक्ससारख्या दिसणाऱ्या छपाईच्या मशीनबद्दल, पण विचारलंय तुम्ही. छान असतं, स्वस्त पडतं, एका वेळी एक रंग, रंग थोडे सरकतात तेच त्याचं सौंदर्य, आणि ज्या क्लासेसमध्ये प्रश्नपत्रिका काढतात तिथे हे मशीन असतं, बहुतेक वेळा फक्त काळ्या शाईचं. पण त्याची शाई नीट वाळत नाही, बोटाला लागते, आणि जाड हातकागद ते मशीन ओढणार नाही. या पुस्तकाला नको.

बांधणीचं एकच सांगते, पावसाळ्यात पुठ्ठे चढवू नका. पुठ्ठ्याच्या एका बाजूला कापड चिकटवलं की वाळताना ते ओढतं आणि पुठ्ठा वाकतो, म्हणून आतल्या बाजूनेही कागद लावून ओढ सारखी करायची आणि वजनाखाली ठेवायचं, मे महिन्यात एक दिवस पुरतो, जुलैत तीन दिवसांनीही दमट लागतं. खळ मैद्याची केली तर मोरचूद घालू नका, बाइंडर लोक किडीसाठी घालतात पण कागदाला ते बरं नाही, ताजी करा आणि दोन दिवसांत संपवा.

आता पैसे, कारण घरचे तेच विचारतायत. माझ्या मागच्या घडीच्या पुस्तकाचा हिशोब देते, ६० प्रती. २२ बाय ३० इंचाचा हातकागद, त्याच्या ७ इंची तीन पट्ट्या, एका पट्टीत साडेचार इंचाची सहा पानं आणि पुढची पट्टी जोडायला एक इंचाचं शेपूट. एका प्रतीला दोन कागद म्हणजे १२०, खराब होणारे धरून १४० घेतले, ७० रुपयांनी ९,८००. स्क्रीन प्रिंट दोन रंगांत, स्क्रीन धरून ९,४००. पुठ्ठा, कापड आणि बाहेरची पेटी प्रतीमागे १३० प्रमाणे ७,८००. मदतनीस सहा दिवस, ४,८००. डमी आणि प्रूफ २,२००. झाले ३४,०००. सगळे ६० ने भागतात आणि म्हणतात ५६७ रुपयांना पडलं, तिथेच चूक होते. ६० मधल्या पाच चित्रकाराच्या स्वतःच्या, चार कायद्याने ग्रंथालयांना द्यायच्या, एक लोकांना दाखवून दाखवून मळणार, विकायला राहिल्या ५०. म्हणजे प्रत पडली ६८० ला. दुकान किंवा गॅलरी ४० टक्के घेते, आणि तुमची दोन वर्षांची मेहनत अजून यात आलेलीच नाही. मी किंमत २,४०० ठेवली, पण टप्प्याने: पहिल्या २० प्रती १,८०० ला, पुढच्या २० प्रती २,४०० ला, शेवटच्या १० प्रती ३,५०० ला. पहिल्या वीस गेल्या की ३६,००० आले, खर्च निघाला, डोकं शांत झालं. ५०० रुपयांत विकू का असं विचारलंत, नका विकू, दर प्रतीला खिशातून घालाल आणि पुढचं पुस्तक होणारच नाही.

पहिल्या २० कशा गेल्या? आपल्या मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलत माहीत आहे, मोठमोठे ग्रंथ, कोश असेच नोंदणी करून निघाले आहेत. तेच करायचं. डमी पूर्ण झाली, छपाई सुरू व्हायची आहे, अशा वेळी वहीतल्या नावांना एकेकाला स्वतंत्र मेसेज, ग्रुपवर टाकायचा नाही, दोन फोटो आणि साधं पत्र की एवढ्या प्रती आहेत, एवढी किंमत, अमुक तारखेला देईन. तारीख खरी सांगा, त्यावर महिना वाढवून सांगा. जवळचे असतील त्यांच्याकडे डमी घेऊन जा, चहाला बसा, त्यांच्या मांडीवर ठेवा आणि तुम्ही गप्प राहा. आपण बोलत राहिलो की माणूस पुस्तकाकडे बघत नाही, आपल्याकडे बघतो.

मग टेबलं. मुंबईत बॉम्बे झीन फेस्ट (झीन म्हणजे स्वतः छापलेल्या छोट्या पुस्तिका), इंडी कॉमिक्स फेस्ट, जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा, डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी हा कलामहोत्सव, अशा ठिकाणी आपल्यासारखे लोक भेटतात. टेबलावर एक प्रत उघडी, पेटीबाहेर, हात लावा अशी पाटी लावून. पांढरे हातमोजे वगैरे ठेवू नका, लोक घाबरतात. शेजारी १५०-२०० रुपयांचं काहीतरी ठेवा, एका ओवीचं कार्ड, एक छोटा लिनो, ते घेऊन गेलेली माणसं वर्षभराने पुस्तकासाठी परत येतात, माझ्याकडे निदान चार-पाच अशी आली. छायाचित्रकार दयानिता सिंगने २००८ मध्ये घडीच्या सात छोट्या पुस्तकांची डबी काढली आणि ती कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरच्या दागिन्यांच्या दुकानाच्या शोकेसमध्ये मांडली, मला हे फार आवडतं. पुस्तकाच्या दुकानापेक्षा तुमच्या पुस्तकाला कोल्हापुरात कुठली जागा शोभेल, जुनी पिठाची गिरणी, एखादं साडीचं दुकान, जरा विचार करा.

दुकानात ठेवायला देताना कागदावर लिहून घ्या. मी एका दुकानात १५ प्रती विश्वासावर दिल्या होत्या, ना पैसे आले ना प्रती, दीड वर्ष फोन करून थकले. आता पाचच्या वर देत नाही, सही घेते, तीन महिन्यांनी हिशोब. इन्स्टावर मात्र खोऱ्याने फोटो टाकण्यापेक्षा एकच व्हिडिओ टाका, वरून कॅमेरा, फक्त हात आणि पानं उलटताना येणारा आवाज, गाणं नको. तुमच्याकडे तर आजीचा ओवी म्हणतानाचा आवाज असेल, तो लावा.

प्रकाशनाची कागदपत्रं अवघड नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून फुकट मिळतो, स्वतःच्या नावानेही. १९५४ च्या कायद्याने ३० दिवसांत प्रती पाठवायच्या, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईची टाउन हॉलमधली सेंट्रल लायब्ररी आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. ६० मधल्या चार द्यायला जिवावर येतं खरं, पण पन्नास वर्षांनी तुमच्या आजीच्या ओव्या कुठेतरी सांभाळलेल्या असतील तर त्या तिथेच. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण सुटे प्रिंट विकणार असाल तर त्याचा नियम वेगळा, सीएला विचारून घ्या.

आणि पुष्पिका लिहा, जुन्या पोथ्यांच्या शेवटी असायची तशी. कोणी छापलं, कुठल्या ट्रेडलवर, कागद कुठला, बांधणी कोणी केली, किती प्रती. सगळ्यात आधी आजीचं पूर्ण नाव आणि गाव. ओव्यांमध्ये शेजारणीच्या, आत्याच्या ओव्या मिसळलेल्या असतील तर त्यांचीही नावं, ज्या हयात आहेत त्यांना विचारून. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या अभ्यासकांनी लाखावर ओव्या जमवल्या, आणि त्या 'पारी' या ग्रामीण भारताबद्दलच्या संकेतस्थळावर गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट वाचायला मिळतात. ज्यांनी हे म्हटलं त्यांचं नाव आपण चित्रकार म्हणून आपल्या नावाखाली झाकून टाकलं तर ते मला मान्य नाही, आणि पहिली प्रत त्यांच्या घरी गेली पाहिजे, विकत नाही, अशीच.

सध्या लिनोची प्रूफं कुठल्या कागदावर काढलीयत आणि सगळ्यात मोठा ब्लॉक किती इंचाचा आहे ते कळवा. ट्रेडलच्या चौकटीत बसतो का ते आधी बघावं लागेल, आणि कागदाची जाडी कळली की शेपटाला किती जागा सोडायची तेही सांगते.